पाठमोरा म्हातारा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, जिथे जंगल थेट समुद्रात उतरते, तिथे क्विल्यूट लोकांच्या किनाऱ्यावर एक लहानशी खाडी आहे. खाडीच्या तोंडाशी, फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध, एक काळा खडक आहे. तो उभा आहे असे म्हणवत नाही, बसलेला आहे असेच म्हणावे लागते. वाकलेली पाठ, खांद्यांत ओढून घेतलेली मान, दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. त्याला पाठमोरा म्हातारा म्हणतात. पाणकावळे त्याच्या डोक्यावर पंख वाळवतात आणि त्यांची पांढरी शीट त्याच्या पाठीवरून ओघळत असते. गावातल्या बायकांना त्याची कधी कीव आलेली नाही.

पाहुणे आले की गावातली ओपल आजी त्यांना वाहून आलेल्या ओंडक्यांवर बसवते आणि आधीच बजावते की नदीच्या मुखाशी जे मोठे गाव आहे, तिथे ही कथा वेगळी ऐकायला मिळेल. महापूर आला, एकमेकींना बांधलेल्या होड्यांचा दोर तुटला, अर्धी माणसे डोंगरांपलीकडे वाहून गेली, आणि म्हणून एकच भाषा डोंगरांच्या दोन्ही अंगांना बोलली जाऊ लागली, असे तिथे सांगतात. “तिथं दोर तुटतो,” आजी म्हणते. “आमच्या खाडीत तो कापला जातो.” बायका ही कथा अशीच सांगत आल्या आहेत. पुरुष मंडळी नेमकी याच वेळी होड्या बघायला उठतात.

फार पूर्वी, म्हणे, या खाडीत यक्वाट नावाचा मुखिया होता. देवमाशाच्या शिकारीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. त्याच्या शब्दापुढे कोणी शब्द काढत नसे, आणि कोणी काढू नये याचीही चोख व्यवस्था होती. पुरुष शिकारीला गेले की त्यांच्या बायकांनी घरात निपचित पडून राहायचे. केस विंचरायचे नाहीत, कूस बदलायची नाही, बोलायचे तर नाहीच. बाई जितकी शांत, तितका देवमासा शांत, असा समज होता. होडीतही एक नियम होता. भाला लागलेला देवमासा खोल बुडी मारू लागला, दोर ताणला आणि होडीचे पुढचे टोक खाली गेले, की मुखियाने कोणाला न विचारता दोर कापायचा. विचारत बसलेली होडी बुडते. म्हणून दोर ताणलेला असताना सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचे.

यक्वाटला दोन भाच्या होत्या. आईबाप नसलेल्या. थोरली सिखोला दोर वळायची. देवदाराच्या कोवळ्या फांद्या वाफवून, ठेचून, मांडीवर पीळ देत ती जो दोर करी, तो देवमाशालाही तुटत नसे. तिच्या मांडीवर त्याचे वळ कायमचे उठले होते. धाकटी ताबिस तिच्या शेजारी बसून फांद्या सोलायची आणि अखंड बडबडायची. ताबिसला चालता येण्याआधी बोलता यायला लागले, असे सिखोला सगळ्यांना सांगत असे.

मग समुद्र वर आला. असे सांगतात की वादळ नव्हते, वाराही नव्हता. भरती आली आणि ओसरायचे विसरली. पाणी घरांत शिरले, घरांवरून गेले, जंगलात घुसले. गावाकडे दोन मोठ्या होड्या होत्या. पुढच्या होडीत यक्वाट, गावातले सगळे वडीलधारे, त्यांच्या घरची बायकामुले, सुकवलेले मासे, तेल, आणि होडीला तरते ठेवणारे सीलच्या कातड्यांचे फुगे. मागच्या होडीत बाकीच्या तरुण बायाबापड्या, त्यांचे नवरे, पोरे. फुगे मागच्या होडीला का नाहीत, असे कोणी विचारले नाही. वडीलधाऱ्यांनी जागा वाटल्या की त्या योग्यच असतात. ताबिस मागच्या होडीत गेली. सिखोलाला पुढे बसवले, कारण दोन्ही होड्यांना बांधणारा दोर तिचा होता आणि त्यावर लक्ष ठेवणे तिचेच काम होते.

पाणी त्यांना डोंगरांकडे घेऊन निघाले. मग धुके उतरले. मागची होडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला. ताबिस मागून ओरडून विचारायची, “ताई, आहेस ना?” आणि सिखोला म्हणायची, “आहे गं.” धुके आणखी दाटले तसा आवाजही पोचेना. मग दोघींच्या मध्ये फक्त दोर उरला. सिखोला त्यावर हात ठेवून बसली.

आणि दोर ताणला. होडीला हिसका बसला, तिचे मागचे टोक खाली दबले, कडेवरून पाणी आत आले. म्हातारे ओरडले. यक्वाट उठला. त्याच्या हातात शिंपल्याच्या पात्याची सुरी होती.

सिखोलाचा हात दोरावरच होता. बुडणारी वस्तू कशी ओढते हे तिला ठाऊक होते. ती खाली ओढते, गचके देते, क्षणभर सैल पडते आणि पुन्हा ओढते. हा ओढा तसा नव्हता. तो सरळ होता, एकसारखा होता, आणि त्याला मधूनमधून हलकी, मुद्दाम दिलेली ओढ होती. मागच्या होडीला कशाचा तरी आधार मिळाला होता. बहुतेक एखाद्या कड्यावरच्या उंच झाडाचा शेंडा. ते तिथे पक्के बांधून घेऊन ह्यांना आपल्याकडे खेचत होते.

“मामा, कापू नका,” ती म्हणाली. “ते बुडत नाहीत. ते आपल्याला ओढून घेतायत.”

यक्वाटने तिच्याकडे पाहिलेही नाही. सगळा जन्म त्याने देवमाशाशी झुंजण्यात काढला होता. ताणलेला दोर म्हणजे खाली जाणारे ओझे, याखेरीज दुसरे काही त्याच्या हाताला माहीत नव्हते. सिखोलाने दोर दोन्ही मुठींत धरला. पाते दोरातून गेले आणि तिच्या उजव्या तळव्यातूनही गेले. होडी मोकळी झाली आणि प्रवाहाबरोबर भरकटली. म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. धुक्यात कोणी हाक मारली का, हे सिखोलाला शेवटपर्यंत कळले नाही, कारण त्या वेळी ती स्वतःच ओरडत होती.

ही चूक होती, एवढेच असते तर कदाचित पुढचे काही घडले नसते. चूक कोणाच्याही हातून होते. पण पाणी ओसरले, होडी नशिबाने आपल्याच खाडीशी परत लागली, आणि यक्वाटने गावाला कथा सांगितली. मागची होडी बुडत होती, तो म्हणाला. त्यांनीच ओरडून सांगितले, की दोर कापा, तुम्ही तरी वाचा. केवढा त्याग. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काहींच्या डोळ्यांत पाणीही आले, आणि ते खोटे नव्हते. सोयीच्या कथेवर माणसाचा विश्वास लवकर बसतो. मग मेलेल्यांच्या नावाने मोठे जेवण झाले, पांघरुणे वाटली गेली, आणि त्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे यक्वाटने मेलेल्यांची नावे बंद केली. मेलेल्या माणसाचे नाव कोणी तोंडातून काढायचे नाही. ज्याने नाव बंद केले, त्यानेच ते उघडायचे. सिखोलाला आता बहिणीसाठी रडता येत होते, पण तिला हाक मारून रडता येत नव्हते.

दोर कापणाऱ्यांचे पोवाडे होतात. दोर वळणारीला कोणी विचारत नाही.

वर्षे गेली. मग एका उन्हाळ्यात उत्तरेकडचे व्यापारी आले. त्यांची भाषा अगदी वेगळी. खाडीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जे कोणी राहत, त्या कोणाचीच भाषा क्विल्यूटांच्या भाषेला लागत नसे. जगात ती फक्त इथे बोलली जाते, असे गाव धरून चालले होते. व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्यातल्या एकाची तरुण बायको होती. गप्प, कोपऱ्यात बसलेली. जेवताना एक रांगते मूल चुलीकडे निघाले आणि ती बाई ओरडली, “अगं, धर त्याला, भाजेल.”

हे ती गावाच्याच भाषेत ओरडली होती. अशी, जशी आईच्या मांडीवर शिकलेली बाई ओरडते. बसलेल्यांचे घास हातातच राहिले.

सिखोलाने तिला बाहेर नेले. ती डोंगरांच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची निघाली. महापुरानंतर जन्मलेली. तिची आई सांगायची, ती म्हणाली, की आमची होडी कड्यावरच्या एका झाडाला लागली. आम्ही ती बांधली आणि पुढच्या होडीला ओढू लागलो. सगळे मिळून ओढत होतो. एकाएकी दोर हलका झाला. हातात आला तेव्हा त्याचे टोक साफ कापलेले होते. आणि ताबिस? ताबिस आहे, बाई म्हणाली. कोणाची होडी लागली की किनाऱ्यावर येऊन उभी राहते. बोलत नाही फारशी.

सिखोला तशीच यक्वाटच्या घरात गेली. तो आता पार म्हातारा झाला होता, पण दरारा तसाच होता. तिने सगळ्यांदेखत विचारले, ही बाई आपली भाषा कुठून शिकली?

“चोरली असेल,” यक्वाट म्हणाला. “कावळाही माणसासारखा बोलतो. म्हणून त्याला कोणी जावई करत नाही.” म्हातारे हसले.

“मामा, नावं उघडा. ते जिवंत आहेत, एवढंच म्हणा. होडी मी नेते.”

“दोर ताणलेला असताना बाईनं बोलू नये, हे तुला तेव्हाही समजलं नाही.”

“आता दोर कुठाय, मामा?”

नंतर मंडळींनी तिला समजावले. बघू, रावस मासे नदीत येऊन जाऊ देत. मग म्हणाले, थंडी सरू दे. मग, शिकारीचा हंगाम आहे, आता असले विषय नकोत. नाही म्हणायची हिंमत नसली की म्हातारे ‘बघू’ म्हणतात. आणि मेलेल्यांकडे कोणी होडी पाठवत नाही. त्यामुळे जोवर यक्वाटचे तोंड उघडत नव्हते, तोवर ताबिस त्या गावापुरती मेलेलीच होती.

मग तो दिवस आला. यक्वाट स्वतः शिकारीला गेला होता, बहुधा त्याची ती शेवटची. मोठा देवमासा मिळाला. होडी त्याला ओढत खाडीच्या तोंडाशी आली. तिथे लाटा फुटतात. मागे एवढे धूड असले की होडीला आपल्या बळावर आत येता येत नाही. दोर किनाऱ्यावर फेकायचा आणि गावातल्या बायकांनी तो धरून ओढायचा, अशी रीत होती. होडीतून दोर आला. ओल्या वाळूवर पडला.

तो कोणी उचलला नाही. गावातल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर आल्या होत्या आणि वाळूवर निपचित आडव्या पडल्या होत्या. केस विंचरले नव्हते. कोणी कूस बदलत नव्हते. पुरुष समुद्रावर असताना बाईने कसे असावे, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलेच होते. सिखोलाने एवढेच केले होते, घरोघर जाऊन म्हणाली होती, आज नियम नीट पाळू या.

एकटी ती उभी होती. तिने ओरडून सांगितले, मामा, त्या दिवशी काय झाले ते सगळ्यांच्या कानावर पडू दे. एक शब्द बोला, आम्ही उठतो.

होडी लाटांवर खालीवर होत होती. वल्ही मारणाऱ्या पोरांनी यक्वाटकडे पाहिले, मग एकमेकांकडे. त्यांच्यातला एक म्हणाला, “आजोबा, सांगून टाका ना.” यक्वाट गप्प. दुसरी लाट आत आली तेव्हा पोरांनी पाण्यात उड्या टाकल्या आणि ती पोहत किनाऱ्याला लागली. बायकांनी आपापल्या पोरांना ओढून घेतले, आणि त्या पुन्हा आडव्या झाल्या.

यक्वाट होडीत एकटा उरला. तो उठला नाही. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, मान खांद्यांत ओढून घेतली, आणि गावाकडे पाठ फिरवली. त्याच्या कमरेला सुरी होती आणि होडीमागे देवमाशाचा दोर ताणलेला होता. तो दोर मात्र त्याने कापला नाही. असे सांगतात की भरती त्याच्या गुडघ्यांवरून गेली, छातीवरून गेली, आणि ओसरली तेव्हा होडी नव्हती, देवमासा नव्हता, तो तिथेच बसलेला होता, काळा, दगडाचा. एक शब्द बोलण्यापेक्षा दगड होणे त्याला सोपे गेले.

उरलेल्या म्हाताऱ्यांनी मसलत केली. नावे ज्याने बंद केली त्यानेच उघडायची. तो तर आता दगड झाला. म्हणजे विषय संपला. सिखोलाने त्यांचे शेवटपर्यंत ऐकूनही घेतले नाही. ती पोरीबाळी घेऊन होडीत बसली. आता विचारायचे कोणाला? उत्तरेच्या टोकाला वळसा घालून, सामुद्रधुनीतून, त्या डोंगरांच्या पलीकडच्या किनाऱ्याला पोचल्या.

वाटेत सिखोला मनाशी वाक्ये जुळवत होती. मी ओरडले होते. मी दोर धरला होता. हा बघ माझा हात. मामानं कापला, म्हाताऱ्यांनी कापू दिला, आणि मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडले. सगळे खरे होते. एवढ्या वर्षांत एकदाही ती गप्प बसली नव्हती.

किनाऱ्यावर एक करड्या केसांची बाई उभी होती. सिखोलाने तिला चालीवरून ओळखले. तिने दोर फेकला. ताबिसच्या पायाशी पडला. ताबिसने तो उचलला नाही. तिने होडीकडे पाहिले आणि आपल्या दोघींच्या भाषेत विचारले,

“दोर कोणी कापला?”

सिखोलाच्या ओठांवर ‘त्यांनी’ आले होते. पण त्या पाण्यावर ‘ते’ कोणीच नव्हते. एक दगड झाला होता, बाकीचे घरी बसून मसलत करत होते. होडीत होत्या त्या महापुरानंतर जन्मलेल्या पोरी आणि ती. पुढच्या होडीतले मासे तिनेही खाल्ले होते. जिवंत परत तीही आली होती. बहिणीचे नाव न घेता इतकी वर्षे तीही जगली होती. तिने उजवी मूठ मिटली.

“आम्ही,” ती म्हणाली.

ताबिस वाकली आणि तिने दोर उचलला. होडी आत ओढून घेतली. गळ्यात पडणे, रडणे वगैरे काही झाले नाही. “भिजलात,” ती म्हणाली. “चला, शेक घ्या.” सिखोला तिथे थोडे दिवस राहिली. निघताना ताबिसला म्हणाली, चल घरी. ताबिसने विचारले, “तिथं माझं नाव घेता येतं का, ताई?” ती आली तशी परत गेली. तळव्यावरचा वण तिने बहिणीला दाखवला नाही, असे तिच्या होडीतल्या पोरींनी पुढे सांगितले. त्या दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

पुढे डोंगरांपलीकडचे ते लोक रोगांनी आणि शत्रूंनी खाल्ले. त्यांच्याबरोबर त्यांची बोली गेली. खाडीतलीही आता गेल्यातच जमा आहे. शाळांमधून ती बोलणाऱ्या पोरांना शिक्षा झाल्या, हे खरे. पण त्या पोरांनी म्हातारे झाल्यावर ती आपल्याच नातवंडांपासून लपवली, हेही तितकेच खरे आहे. ओपल आजीला हे म्हणताना कोणाची भीड पडत नाही.

आजही पाठमोऱ्या म्हाताऱ्याला वळसा घालून होडी खाडीत आली की तिचा दोर किनाऱ्यावर पडतो आणि तो लगेच उचलत नाहीत. होड्यांना आता मोटारी आहेत, दोराची तशी गरजही नसते. तरी किनाऱ्यावरची सर्वांत लहान मुलगी पुढे होते आणि जुन्या भाषेत विचारते, दोर कोणी कापला? होडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने उत्तर द्यायचे असते. कितीकांना त्या भाषेतला तेवढाच एक शब्द येतो. मागे एक पाहुणा म्हणाला होता, पण तुम्ही तर कापला नाही, मग ‘आम्ही’ का म्हणायचे? आजीने समोर बोट केले. तिचाच थोरला भाऊ होडीत बसून, खाली बघत, काहीतरी पुटपुटत होता. आणि किनाऱ्यावरची पोर, दात पडलेली, गुडघाभर पाण्यात उभी, दोर पायाशी तसाच पडू देऊन म्हणत होती की ऐकू आले नाही.